वेदनेची कैफियत

आषाढ शुद्ध दशमीच्या दिवशी वाखरीचा तळ सोडून पालख्या पंढरपुराच्या वेशीकडे सरकू लागतात, तेव्हा त्या अफाट समुदायात साठी उलटलेला, आळंदीपासून सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पायांखाली घातलेला, टाचांना भेगा व तळव्यांना फोड आलेला असा एखादा शेतकरी हटकून दृष्टीस पडतो. आणि रात्री मठाच्या ओवरीत कोणी सेवेकरी त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळीत असता 'गुडघा फार दुखतो का' असे त्यास विचारावे, तर तो मान हलवून नाही म्हणतो. हे उत्तर संकोचाने किंवा खोट्या अभिमानाने दिलेले असते असे मला वाटत नाही. परंतु हाच मनुष्य मार्गशीर्षात आपल्या गावी, सुगीची कामे तरुण हातांवर सोपवून ओसरीवर एकटा बसला असता, त्याच गुडघ्याची कळ त्यास रात्र रात्र झोपू देत नाही. सांध्याची झीज आषाढात होती तेवढीच मार्गशीर्षातही आहे. किंबहुना इतकी चाल झाल्यावर आषाढात तो सांधा अधिक सुजलेला होता. मग ह्या दोन रात्रींत वेदनेचे माप इतके निराळे का पडावे, हा प्रश्न भाविकाने विठ्ठलाच्या कृपेवर सोपवून मोकळे व्हावे आणि बुद्धिवाद्याने मनाचा खेळ म्हणून झिडकारावा, अशी आपल्याकडील रीत आहे. मला ह्या दोन्ही उत्तरांत सारखाच आळस दिसतो.

युरोपातही फार काळ अशीच एक सोयीस्कर समजूत रूढ होती. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मरणोत्तर 1664 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय गेलेल्या मनुष्याचे एक चित्र आहे. पायापासून मेंदूपर्यंत जणू एक दोरी जाते, आणि देवळाच्या घंटेची दोरी खाली ओढली असता वर टोल पडावा तशी वेदना वर उमटते, असा त्याचा आशय. ह्या हिशेबाने जखम तेवढी वेदना, आणि वेदना कमी करावयाची तर दोरी कापणे किंवा घंटा बधिर करणे एवढेच उपाय उरतात. ह्या समजुतीस पहिला मोठा धक्का दिला तो रणांगणाने. हेन्री बीचर नामक अमेरिकन भूलतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिक पाहिले आणि पुढे 1956 साली त्यांची तुलना शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांशी केली, तेव्हा असे आढळले की नागरिकांपैकी 83 टक्क्यांनी वेदनाशामक औषध मागितले, सैनिकांपैकी मात्र केवळ 32 टक्क्यांनी. सैनिकास ती जखम म्हणजे जीव वाचून घरी परतण्याचा परवाना होता. नागरिकास तीच गोष्ट संसारावर कोसळलेली आपत्ती होती. अर्थ बदलला, तशी वेदना बदलली.

1965 साली रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल ह्या संशोधकांनी ह्या कोड्यास शरीरातच जागा शोधून दिली. त्यांच्या उपपत्तीप्रमाणे मज्जारज्जूत एक द्वार आहे. बारीक मज्जातंतूंतून येणारा वेदनेचा संदेश तेथे अडतो किंवा पुढे जातो, स्पर्श व दाब वाहून नेणारे जाड तंतू ते द्वार लोटून घेऊ शकतात, आणि वरून मेंदूही त्यावर अंमल चालवितो. मूल पडले असता आई त्याचा गुडघा हाताने चोळते, ह्या जगातील सर्वांत जुन्या उपचाराची उपपत्ती अशा रीतीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागली. त्या द्वाराचा मूळ आराखडा पुढे बराच सुधारावा लागला. परंतु वेदना ही केवळ वर चढणारी वर्दी नसून वर-खाली चालणारा जाबसाल आहे, हा त्यातील गाभा टिकला. 1978 साली दाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात तर असे दिसले की, औषध म्हणून दिलेल्या निर्गुण द्रव्याने ज्यांना उतार पडला होता, त्यांना अफूच्या परिणामाचा प्रतिकार करणारे नॅलोक्सोन देताच वेदना पुन्हा वाढली. म्हणजे विश्वासाने मिळालेला उतार हा भ्रम नव्हता. शरीराने आपल्याच कोठारातून अफूसारखे द्रव्य काढून दिले होते.

आता वारीकडे वळावे. तेथे काय काय एकत्र येते ते पाहा: ठराविक गतीने चालणे, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर शेकडो पावले एकदम पडणे, एका सुरात गाणे, मुक्कामी परक्याच्या हातांनी पाय चेपले जाणे, पुढच्या मुक्कामाचे नाव ठाऊक असणे, आणि ह्या सर्व कष्टांच्या शेवटी ज्यासाठी निघालो त्याचे दर्शन घडणे, निदान कळसाचे तरी. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2010 साली नौका वल्हविणाऱ्या तरुणांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. यंत्रावर एकट्याने वल्हे मारल्यानंतर आणि तितकेच श्रम सोबत्यांसह एका लयीत केल्यानंतर, दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळून त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा मोजली, तेव्हा समूहात वल्हविल्यानंतर ती अधिक आढळली. प्रयोग लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत हे मी जाणतो. परंतु पावली खेळणारी दिंडी पाहिलेल्या मराठी माणसास त्याचा निष्कर्ष अनोळखी वाटणार नाही. आपल्या देशातही प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर गारठ्यात राहिलेल्या यात्रेकरूंची मेळ्यापूर्वी व नंतर विचारपूस करून, घरीच राहिलेल्या शेजाऱ्यांशी त्यांची तुलना केली गेली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत यात्रेकरूंची स्वतःच्या प्रकृतीविषयीची कैफियत अधिक समाधानाची निघाली. थंडी, गर्दी, गोंगाट, अशुद्ध पाणी ह्यांचा हिशेब धरता निष्कर्ष उलट यावयास हवा होता.

येथवर आल्यावर एक मोह होतो, आणि त्यापासून सावध करण्यासाठीच मी हा लेख लिहावयास घेतला आहे. तो मोह असा की, नाम, भजन, योग, सत्संग ह्यांनी वेदना शमते हे विज्ञानानेही मान्य केले, तेव्हा आता कर्करोगाने तळमळणाऱ्या रुग्णास मॉर्फिन कशाला, असे म्हणावे. पंढरपुरासारख्या क्षेत्रात हा युक्तिवाद फार लवकर रुजतो. कारण सोसण्याचा गौरव आपल्या अंगवळणी पडला आहे आणि प्रारब्धाचा भोग हा शब्द रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी सदैव तयार असतो. परंतु वारकऱ्याची वेदना आणि कर्करोग्याची वेदना ह्यांत एक मूलभूत भेद आहे. वारकऱ्याने ती वाट स्वतः पत्करली आहे. ती एकादशीस संपणार हे त्यास ठाऊक आहे. आणि असह्य झालेच तर एस.टी.त बसण्याची मुभाही त्यास आहे. कर्करोग्याने काही पत्करलेले नाही, त्याच्या वाटेवरील मुक्कामांची नावे कोणी त्यास सांगत नाही, आणि मणक्यात उतरलेला रोग रात्री दोन वाजता कोणतीही मुभा देत नाही. बीचरच्या सैनिकास जखमेने घरी पाठविले. ह्यास ती घरातून उठवून नेते. एकाच्या वेदनेस अर्थ शमवितो म्हणून दुसऱ्याने आपल्या वेदनेत अर्थ शोधावा असा आग्रह धरणे, हे मला क्रौर्य वाटते.

जगभरातील पाहण्यांचा एकत्रित विचार करणाऱ्या 2016 च्या एका समालोचनाप्रमाणे, कर्करोगावर उपचार चालू असलेल्यांपैकी सुमारे 55 टक्के आणि रोग पसरलेल्यांपैकी सुमारे 66 टक्के रुग्णांना वेदना असते. उपचार पूर्ण होऊन बरे झालेल्यांतही जवळजवळ 39 टक्क्यांना ती सोडीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली तीन पायऱ्यांची जी शिडी सांगितली तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे, आणि ते महाग औषध नाही. तरीही 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर आपल्याकडे त्याभोवती परवान्यांचे, दप्तरांचे आणि जाबजबाबांचे असे कुंपण उभे राहिले की, औषधविक्रेत्याने ते ठेवणे सोडले आणि डॉक्टरांची एक पिढी ते हाती न धरताच पदवी घेऊन बाहेर पडली. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांचा जाच पुष्कळ कमी झाला. परंतु कुंपण काढले तरी पायवाट आपोआप पडत नाही. लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने 2017 साली जो हिशेब मांडला त्यात भारतात गरजेच्या सुमारे 4 टक्केच अफूजन्य वेदनाशामक उपलब्ध असल्याचे दिसले. अमेरिकेत तेच प्रमाण गरजेच्या तिसांहून अधिक पट होते.

हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावाचून औषधाविना वेदनाशमनाच्या आजच्या संशोधनाचा अर्थ नीट लागत नाही. अमेरिकेत 1990 नंतरच्या दशकांत साध्या कंबरदुखीसाठीही अफूजन्य गोळ्यांची खैरात झाली, लक्षावधी माणसे व्यसनात सापडली, आणि त्या अनर्थातून तेथील शासनाने औषधेतर उपायांच्या संशोधनास सढळ हाताने द्रव्य दिले. ते उचितच झाले, आणि त्याचे फळ आपणही घ्यावे. परंतु जेथे गोळ्यांचा महापूर आला तेथील बांधबंदिस्ती जेथे दुष्काळ आहे तेथे जशीच्या तशी आणणे, ही सोलापूर जिल्ह्यातील माणसास तरी समजावून सांगावी लागेल अशी चूक नव्हे. अफूजन्य औषधांविषयीच्या खुद्द अमेरिकेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनीही कर्करोगाची व अंतकाळची वेदना आपल्या निर्बंधांतून वगळली होती, हे आपल्याकडे त्या सूचनांचा दाखला देणारे बहुधा सांगत नाहीत.

मग औषधेतर उपायांचे स्थान कोणते? दीर्घकालीन कंबरदुखी, संधिवात, मानेचे व खांद्याचे दुखणे, म्हणजे तीन महिन्यांपलीकडे रेंगाळणाऱ्या वेदनेचे जे बहुसंख्य प्रकार आहेत, त्यांत व्यायाम, योग आणि मनोपचार हे प्रथम पंक्तीचे उपाय मानले जातात; तेथे अफूजन्य गोळीने दीर्घकाळात भले होण्याऐवजी अपाय होण्याचा संभवच अधिक. पुण्याच्या अय्यंगारांच्या पद्धतीने शिकविलेल्या आसनांचा कंबरदुखीवर परिणाम तपासणारा 90 जणांचा एक प्रयोग अमेरिकेत झाला व 2009 साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या अभ्यासानंतर योग करणाऱ्यांची वेदना व अक्षमता दुसऱ्या गटापेक्षा कमी भरली. पुण्याची विद्या तपासली जावी पश्चिम व्हर्जिनियात, ह्याची खंत मला वाटते. विशेषतः स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून, नौलीच्या वेळी आतड्यात दाब किती उतरतो हे यंत्राने मोजले आणि 'योगमीमांसा' त्रैमासिकात छापले, ह्याची आठवण ठेवली म्हणजे ती अधिकच वाटते. श्रद्धेच्या वस्तूस मोजपट्टी लावण्यात तिचा अवमान नाही, हा पाठ महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच घालून दिला होता.

कर्करोगाच्या वेदनेत ह्या उपायांचे स्थान मॉर्फिनच्या शेजारी आहे. संगीत, शिथिलीकरण, मर्दन, संमोहन ह्यांनी काही रुग्णांना उतार पडतो, परंतु पुरावा बहुधा लहान प्रयोगांचा आणि उतार मध्यम प्रतीचा. स्तनाच्या कर्करोगावरील हार्मोनविरोधी औषधाने सांधे धरणाऱ्या 226 स्त्रियांवर सुईचिकित्सेचा जो प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला, त्यात खऱ्या सुयांनी खोट्या सुयांपेक्षा व नुसत्या प्रतीक्षेपेक्षा वेदना अधिक उतरली. पण फरक इतका थोडा होता की त्याचे व्यवहारातील मोल अनिश्चित आहे, असे खुद्द प्रयोगकर्त्यांनीच नमूद केले. हा प्रामाणिकपणा मला आदर्श वाटतो. गोळीच्या प्रयोगात दिसायला तशीच निर्गुण गोळी देऊन रुग्णास अंधारात ठेवता येते. भजनाची निर्गुण प्रतिकृती कशी करावी? जो गातो त्यास आपण गातो हे कळतेच. म्हणून ह्या क्षेत्रात चांगला प्रयोग रचणे औषधाच्या प्रयोगाहून कठीण आहे, आणि कठीण आहे म्हणून तो टाळून नुसत्या अनुभवाच्या साक्षी गोळा करणे हे अधिकच अनिष्ट आहे.

औषधेतर उपाय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे योग आणि सूर एवढेच येतात, ही आणखी एक उणीव. हाडात उतरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर किरणोपचार हा सर्वांत भरवशाच्या उपायांपैकी एक आहे. नेदरलंड्समध्ये 1171 रुग्णांवर झालेल्या व 1999 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे सिद्ध झाले की, 8 ग्रेची एकच मात्रा आणि सहा बैठकांत दिलेली 24 ग्रेची मात्रा ह्यांनी पडणारा उतार सारखाच असतो. एकदाच मात्रा घेतलेल्यांपैकी काहींना पुढे पुन्हा किरण द्यावे लागतात, इतकाच फरक. पंढरपुराच्या रुग्णास ह्याचा अर्थ फार मोठा आहे. कुर्डुवाडीवरून बार्शीस नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात त्यास सहा वेळा न्यावयाचे, की एकदा? मोडक्या मणक्याच्या माणसास गाडीचा प्रत्येक धक्का ही एक स्वतंत्र यातना असते, आणि बरोबर येणाऱ्या मुलाची प्रत्येक खेपेची रोजंदारी बुडते.

त्या बार्शीचे नाव आले म्हणून सांगतो. हिंदुस्थानातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही 1987 साली तेथेच सुरू झाली. गावोगाव फिरून, चावडीवर व देवळात बसून, माणसांच्या तोंडून रोगाची हकीकत काढण्याचे काम तेथील कार्यकर्त्यांनी केले. पुढे त्याच रुग्णालयाच्या व मुंबईच्या टाटा स्मारकाच्या सहकार्याने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांचा समावेश असलेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग झाला, आणि तो रोग जडविणाऱ्या विषाणूच्या एकाच चाचणीनेही त्या रोगाचे मृत्यू घटतात हा 2009 साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष साऱ्या जगाने मानला. ज्या गटास ती तपासणी दिली गेली नाही त्यातील स्त्रियांविषयी पुढे जे नैतिक आक्षेप घेतले गेले ते मी हलके मानीत नाही. वेदनेच्या प्रयोगात कोणत्याही गटास मॉर्फिनपासून वंचित ठेवता कामा नये, हा धडा त्यातूनच घ्यावयाचा. परंतु आपल्या खेड्यांत मोठे, शिस्तबद्ध संशोधन होत नाही असे म्हणणाऱ्यास हे उत्तर पुरेसे आहे. जी माणसे गाठीची नोंद करू शकली ती कळेचीही करू शकतील.

कळेची नोंद मात्र निराळी. ती हातास लागत नाही, चित्रात दिसत नाही, तिला रुग्णाच्या कैफियतीवाचून दुसरा पुरावा नाही. मेलझॅकने 1975 साली वेदनेची जी प्रश्नावली रचली तिच्यात इंग्रजीतील 78 विशेषणे वर्गवारी करून मांडली होती. आपल्या दवाखान्यांत रुग्णास विचारले जाते ते 'दुखते का' आणि फार तर 'दहापैकी किती'. ज्या भाषेत ठणका, ठसठस, कळ, चमक, तिडीक, सणक, रग, पेटका, चरचर, आग, मुंग्या, बोचणी हे सारे निरनिराळे आहे, त्या भाषेच्या माणसाला एका आकड्यात कोंबून बसविणे म्हणजे त्याच्या साक्षीची पाने फाडणे होय. आणि हा केवळ भाषेच्या अभिमानाचा प्रश्न नाही. ठणका म्हणणाऱ्याचे दुखणे बहुधा हाडाचे किंवा सुजेचे असते. आग, मुंग्या, विजेसारखी चमक म्हणणाऱ्याचे मज्जातंतूचे असण्याचा संभव अधिक, आणि त्यास नेहमीची गोळी पुरत नाही. पंढरपुराजवळच्या गोपाळपूरची म्हातारी आपल्या वेदनेचे निदान स्वतःच्या शब्दांत करून आलेली असते. ऐकणाऱ्याने ते टिपून घेतले म्हणजे झाले.

लंडनमध्ये 1967 साली सेंट क्रिस्टोफर्स ही अंतकाळच्या रुग्णांची शुश्रूषासंस्था काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स ह्यांनी समग्र वेदना ही कल्पना मांडली: शरीराची, मनाची, नात्यांची व अस्तित्वाची वेदना एकाच गाठीत बांधलेली असते, असे त्यांचे म्हणणे. सॉन्डर्स नियमित वेळाने मॉर्फिन देण्याचा आग्रह धरणाऱ्या होत्या, हे विसरून त्यांची कल्पना सांगणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. मुंबईस 1986 साली वांद्र्याचे शांती अवेदना सदन निघाले ते ह्याच विचाराने. आपल्याकडे त्या समग्र वेदनेत आणखी एक धागा आहे. सोबतीने वेदना शमते असे आपण म्हणतो, परंतु सोबत सर्वांना सारखी कोठे मिळत होती? 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना विठ्ठलाचे दार अस्पृश्यांस उघडावे म्हणून ह्याच पंढरपुरात दहा दिवस अन्नत्याग करावा लागला. इरावती कर्वे वारीत चालल्या, तेव्हा एकत्र गाणाऱ्या दिंड्या जेवणाच्या वेळी जातीजातीने वेगळ्या बसत ह्याची वेदना त्यांनी लिहून ठेवली आहे. आजही कर्करोग झालेल्या बाईचे ताट वेगळे ठेवणारी घरे आहेत. रोग लागेल ही भीती अज्ञानाची असली तरी तिने तुटणारी सोबत खरी असते. ज्याच्या खाटेपाशी कोणी बसत नाही त्यास समूहगायनाचे गुण सांगण्यापूर्वी तेथे माणूस बसविण्याची तजवीज करावी लागेल, आणि ती तजवीज हाही संशोधनाचाच विषय मानला पाहिजे. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे त्यांच्याच नावाने मुंबईत दादरला कर्करोग्यांसाठी धर्मशाळा उभी राहिली. टाटा रुग्णालयात गावाहून आलेल्या रुग्णांना व त्यांच्या आप्तांना तेथे छप्पर, जेवण आणि समदुःखी शेजार मिळतो. त्या शेजाराने किती वेदना हलकी होते हे मोजता आले तर मला ते हवे आहे. मोजता येईतो तो शेजार थांबवू नये, हेही तितकेच हवे आहे.

आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी काला होतो आणि दिंड्या परतीस लागतात. दोन दिवसांत वाळवंट रिकामे पडते. गावात मात्र, एखाद्या मठामागच्या बोळात, ज्यास परतावयाचे नाही असा कोणी खाटेवर असतो. त्याची सून रात्री दहाची मॉर्फिनची गोळी वेळ चुकू न देता देते, पाठीखाली उशी सरकविते, आणि शेजारचे दोघेजण टाळ घेऊन हलक्या आवाजात हरिपाठ धरतात. तिसऱ्या-चौथ्या अभंगापर्यंत त्याचा हात पांघरुणावर ठेका धरू लागतो; तो गोळीने की टाळाने, हे त्या घरात कोणी विचारीत नाही. सून उद्याच्या गोळ्या मोजून डबीत ठेवते.